समुद्री गवतावरचा सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स – पूर्ण केला, आता सविस्तर लिहितेय

आधीच सांगून टाकते, कोर्स घ्या. पाचपैकी चार स्टार देतेय, पाचवा का कापला ते पुढे येईलच. पण ज्यांना समुद्रात, प्राण्यांत किंवा नुसत्या झाडापाल्यात जरी रस असेल त्यांनी हे सहा आठवडे काढावेतच. सगळी लेक्चर्स रेकॉर्डेड आहेत, आठवड्याला साधारण तीन तास, आपल्या सोयीने बघायची. मी रात्री सगळं आवरल्यावर बघायचे आणि दोनदा तरी असं झालं की एकच बघू म्हणून बसले आणि तीन बघून उठले.

विषय आहे सीग्रास, म्हणजे समुद्री गवताची कुरणं, आणि ती चरणारे प्राणी. मला आधी हे शेवाळच वाटायचं, बहुतेकांना वाटतं, आणि पहिल्याच लेक्चरमध्ये तो गैरसमज काढून टाकतात. शेवाळ नाही हो, ही फुलं येणारी झाडं आहेत. मुळं, वाळूखालून आडवं सरपटणारं खोड, पानं, फुलं, फळं, बिया सगळं आहे, आणि हे सगळं पाण्याखाली. जमिनीवरच्या एकदल वनस्पती काही कोटी वर्षांपूर्वी परत समुद्रात उतरल्या त्यांचे हे वंशज, जगभरात मिळून जेमतेम ६० ते ७० जाती. नाव गवत असलं तरी गवताच्या कुळातलं एकही नाही, पण वाढायची पद्धत बघितली तर आपली हरळीच आठवते, कांड्याकांड्याने पुढे जायचं, प्रत्येक कांड्याला मुळं आणि फुटवा, वरून खाल्लं तरी खालून परत येतं. हे खालून परत येणं नीट डोक्यात ठेवा कारण पुढचा अख्खा कोर्स त्याच्यावरच उभा आहे.

पहिल्या आठवड्यातली अजून एक गोष्ट म्हणजे उजेड. या झाडांना सरासरी पाहिलं तर पाण्याच्या पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाच्या ११ टक्क्यांच्या आसपास उजेड लागतो, शेवाळाला त्यापेक्षा कितीतरी कमी पुरतो. का, तर यांची मुळं आणि खोडं ऑक्सिजन नसलेल्या चिखलात गाडलेली असतात, त्यांना पोसायला पानांना जास्त कमवावं लागतं, पानांत तयार झालेला ऑक्सिजन आतल्या पोकळ्यांतून मुळांपर्यंत पोचवावा लागतो, नाहीतर चिखलातला सल्फाइड मुळांना मारतो. आणि याच चिखलात ल्युसिनिड नावाचे शिंपले राहतात, त्यांच्या कल्ल्यांत जीवाणू असतात, ते हा विषारी सल्फाइड वापरून टाकतात, झाड त्यांना ऑक्सिजन पुरवतं. झाड, शिंपला, जीवाणू अशी तिघांची भागीदारी. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे आणि कोर्समध्ये त्याला मोजून सहा मिनिटं दिलीत, मला अर्धा तास चालला असता.

दुसरा आठवडा मोठ्या जनावरांचा, डुगाँग म्हणजे समुद्री गाय आणि हिरवं कासव. बहुतेक लोक यांच्यासाठीच नाव घालत असणार आणि त्यांची निराशा होणार नाही, व्हिडिओ फार सुंदर आहेत. डुगाँग दिवसाला ४० किलोपर्यंत खातो आणि खातो म्हणजे नुसती पानं नाही, तोंड खाली वळलेलं, जाड ओठांनी वाळू उकरत झाड मुळासकट, खोडासकट उपटत पुढे जातो, मागे वाळूत नागमोडी पट्टा राहतो. ओहोटीला हे पट्टे वरून चक्क दिसतात. त्याला मोठी चिवट जात नको असते, हॅलोफिला, हॅलोड्यूल अशा बारक्या, मऊ, कमी धाग्याच्या जाती हव्या असतात, आणि गंमत म्हणजे उकरलेल्या जागी सगळ्यात आधी परत येतात त्या याच जाती. म्हणजे जिथे तो पुन्हा पुन्हा चरतो तिथलं कुरण त्याला आवडेल तसंच राहतं. ऑस्ट्रेलियातल्या मोरटन बेमधल्या निरीक्षणांवरून याला चराईतून केलेली शेती म्हटलं गेलं, आणि तो शब्द मला पटला.

कासवाची तऱ्हा वेगळी. शिकवणाऱ्या बाईंनी इथे एक वाक्य टाकलं ते मी वहीत लिहून ठेवलं, कासव कातरतं आणि डुगाँग नांगरतो. कॅरिबियनमध्ये हिरवी कासवं ठराविक तुकडा धरतात, पान बुडाशी चावतात, वरचा जुना भाग तसाच तरंगत सोडून देतात आणि काही दिवसांनी त्याच तुकड्यावर परत येऊन नवीन फुटलेलं कोवळं पान खातात, कारण कोवळ्या पानात नायट्रोजन जास्त आणि पचायला जड असा लिग्निन कमी. शेजारी उंच हिरवंगार गवत उभं असतं त्याला तोंडही लावत नाहीत. गुरं राखलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही, कुठलंही जनावर लुसलुशीत फुटव्याकडेच वळतं.

मग शेणाचा विषय येतो, तोही सविस्तर, आणि तो घेतला हे मला फार आवडलं. ग्रेट बॅरियर रीफच्या भागात डुगाँग आणि कासवांची विष्ठा गोळा करून तपासली तर त्यात समुद्री गवताच्या बिया सापडल्या, जिवंत, उगवू शकणाऱ्या, आणि जनावर किती पोहतं आणि खाल्लेलं पोटात किती दिवस राहतं त्याचा हिशोब मांडून संशोधकांनी काढलं की एक बी ६५० किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणजे जो खातो तोच पेरतो.

आता तिसरा आठवडा. कोर्समधला सगळ्यात भारी आठवडा हाच, आणि दुर्दैवाने ऑडिओ सगळ्यात खराब याच आठवड्याचा, आवाज इतका बारीक की हेडफोन लावूनही पुढे मागे करत ऐकावं लागतं. तरी ऐका. कारण इथे बारके चरणारे येतात, नखाएवढे आणि त्याहून लहान, अँफिपॉड आणि आयसोपॉड नावाचे झिंग्याच्या लांबच्या नात्यातले किडे म्हणा, गोगलगायी, सी हेअर नावाच्या मऊ अंगाच्या समुद्री गोगलगायी. समुद्री गवताच्या पानावर सतत एक बुळबुळीत थर चढत असतो, सूक्ष्म शेवाळाचा, धाग्याधाग्यांचा. हा थर वाढला की पानाचा उजेड तुटतो, आणि उजेडाची गरज किती ते आपण पहिल्या आठवड्यात बघितलंच. हे बारके प्राणी पान खात नाहीत, पानावरचा थर खातात, पान पुसून ठेवतात. शेतातलं खत, गटारांचं पाणी समुद्रात गेलं की हा थर जोरात वाढतो आणि अशा वेळी कुरण तगणार का मरणार हे बऱ्याच अंशी यांच्यावर ठरतं.

याचं उदाहरण म्हणून कॅलिफोर्नियातल्या एल्कहॉर्न स्लूची गोष्ट सांगितलीय आणि अशी सांगितलीय की मी ती घरात दोघातिघांना परत सांगितली. आजूबाजूला सगळी शेती, खाडीत खताचं पाणी भरपूर, हिशोबाने तिथलं ईलग्रास, ही समुद्री गवताचीच एक जात, संपायला हवं होतं, तर उलट वाढत गेलं. कारण शोधत गेले तर ते निघालं सी ऑटर म्हणजे समुद्री पाणमांजर. १९८० च्या दशकात पाणमांजरं त्या खाडीत परत आली, ती खेकडे खातात, खेकडे कमी झाले, खेकडे ज्यांना खायचे ते आयसोपॉड आणि सी हेअर वाढले, त्यांनी पानं साफ ठेवली, गवत वाढलं. पाणमांजर स्वतः गवताला दातही लावत नाही! हे नुसत्या अंदाजावर नाही, पिंजरे लावून, खेकडे आत ठेवून आणि बाहेर ठेवून प्रयोग केलेत, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. लेक्चरमध्ये ते पिंजऱ्याचे फोटो आहेत, एकात पानं काळपट केसाळ, दुसऱ्यात स्वच्छ हिरवी.

याच आठवड्यात परागीभवनाचं छोटंसं लेक्चर आहे. आधी समजूत होती की पाण्याखाली परागकण फक्त पाण्याच्या प्रवाहाने जातात, फुलं आहेत पण मधमाशी नाही. मग कॅरिबियनमधल्या टर्टलग्रास नावाच्या समुद्री गवतावर टाकीत प्रयोग झाले, २०१६ मध्ये छापून आले, आणि दिसलं की बारीक कवचधारी प्राणी आणि किडे नर फुलावर चिकट पराग खायला येतात, अंगाला लागलेले घेऊन मादी फुलावर जातात. तो व्हिडिओ अंधारात काढलाय, काही सेकंदांचाच आहे, तरी मी चार वेळा बघितला.

मासे, साळिंदरासारख्या काट्यांचे सी अर्चिन, पक्षी हे सगळं जरा घाईत उरकलंय. भूमध्य समुद्रातला सार्पा नावाचा मासा झुंडीने पोसिडोनिया या तिथल्या समुद्री गवताची पानं कुरतडतो, पूर्वी वाटायचं समुद्री गवत थेट खाणारं कोणी फारसं नाही, बहुतेक कुजूनच जातं, पण नीट मोजल्यावर माशांचा वाटा बऱ्याच ठिकाणी खूप मोठा निघाला. ब्रेंट गूज नावाचे हंस स्थलांतरात ईलग्रासवर जगतात. आणि बॉनेटहेड, हातोडीच्या डोक्याच्या शार्कमधला एक लहान शार्क, त्याच्या पोटात वजनाने ६२ टक्क्यांपर्यंत समुद्री गवत सापडलं होतं, सगळ्यांना वाटायचं खेकडे खाताना चुकून जात असेल, पण २०१८ मधल्या अभ्यासात दिसलं की तो ते पचवतो, त्यातला जवळपास अर्धा सेंद्रिय भाग. शार्क आणि शाकाहार! यावर एक स्लाइड. एकच. इथे मी खरंच चिडले.

चौथा आठवडा भीतीचा आहे असं म्हणायला हरकत नाही. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा शार्क बे, तिथे हजारो डुगाँग, आणि उन्हाळ्यात टायगर शार्क. शार्क जास्त असले की डुगाँग कुरणाच्या मधल्या भागातून कडेला सरकतात, कारण कडेला खोल पाणी जवळ असतं, पळता येतं, आणि वाळू उकरून खाणं कमी करतात, कारण डोकं खाली आणि भोवती गढूळ ढग अशा अवस्थेत शार्क आलेला कळत नाही. कासवांमध्ये तर अजून बारकाई आहे, तब्येतीने धडधाकट कासवं सुरक्षित कडेला राहतात जिथे चारा हलका असतो, आणि खंगलेली कासवं धोका पत्करून मधल्या चांगल्या चाऱ्यावर जातात कारण उपाशी राहणं त्यांना परवडत नाही. म्हणजे कुरणाचा कुठला भाग चरला जाणार आणि कुठला वाढणार हे शार्क ठरवतो, एकही कासव न खाता सुद्धा. हे ऐकून मी लेक्चर थांबवलं आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले.

आणि आता तो कापलेला स्टार. पाचव्या आठवड्यात अतिचराईचा विषय आहे. लक्षद्वीपमधल्या अगत्तीच्या लगूनमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या अडलेल्या उथळ पाण्यात, हिरव्या कासवांची संख्या खूप वाढली, त्यांनी समुद्री गवत इतकं खाल्लं की कुरण खुरटलं, त्यात वाढणारे मासे कमी झाले, मच्छीमार कासवांवर नाराज, आणि तिथला चारा संपत आल्यावर कासवं दुसऱ्या बेटांच्या लगूनकडे वळली. इंडोनेशियात डेरावान बेटांजवळ कासवं चक्क खोडं उकरून खाताना दिसली, जे त्यांच्या कातरण्याच्या सवयीच्या अगदी उलट आहे. बर्म्युडातही कुरणं अशीच कोसळली. माहिती खरी आहे, आकडे नीट दिलेत, पण अख्ख्या लेक्चरचा सूर असा की कासव गुन्हेगार. लेक्चरचं नावच आक्रमण. अहो, मागच्याच आठवड्यात तुम्हीच शिकवलंत ना की शार्क चराईची वाटणी करतो? मग शार्क मारून संपवले, कासवांची अंडी आणि किनारे राखले, कुरणं किनाऱ्यावरच्या घाणीने आधीच आक्रसली, आणि उरलेल्या तुकड्यावर कासवं गोळा झाली तर त्यात कासवाचं काय चुकलं? शिवाय पूर्वी एकट्या कॅरिबियनमध्ये हिरवी कासवं कोट्यवधी होती असे अंदाज आहेत. म्हणजे आज आपण ज्याला निरोगी कुरण म्हणतो, उंच, दाट, डोलणारं, ते कदाचित चरणारे मारून टाकल्यामुळे वाढलेलं कुरण आहे. जिथे ढोरं चरायची बंद होतात तिथलं गायरान कसं कमरेएवढं माजतं तसं. ही गोष्ट त्या लेक्चरमध्ये शेवटच्या दोन मिनिटांत ओझरती येऊन जाते, ती सुरुवातीला यायला हवी होती. कासवं वाढली की कुरणाला त्रास होतो हे खरंच आहे, मी ते नाकारत नाही, पण मुलाला तेवढाच अर्धा भाग शिकवला तर तो समुद्रात कासव बघून काय विचार करेल?

याच आठवड्यातला दुसरा भाग मात्र चांगला आणि बघायला जड. फ्लोरिडाच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये २०११ पासून शेवाळाचे मोठे उद्रेक झाले, पाणी गढूळ, उजेड तुटला, समुद्री गवत मेलं आणि गवत खाणारे मॅनाटी, डुगाँगचे नातेवाईक, उपाशी पडले. २०२१ या एका वर्षात फ्लोरिडात १,१०० हून जास्त मॅनाटी मेले, भूक हे त्यातलं मोठं कारण, शेवटी त्यांना लेट्यूसची पानं टाकायची वेळ आली. ऑस्ट्रेलियात हर्वी बेमध्ये १९९२ च्या पुरानंतर आणि चक्रीवादळानंतर १,००० चौरस किलोमीटरच्या वर कुरण गेलं आणि डुगाँग असेच खंगून मेले. डुगाँगची मादी काही वर्षांतून एकदाच पिल्लू देते, त्यामुळे अशा एका वर्षाची भरपाई व्हायला पिढ्या लागतात.

सहावा आठवडा कार्बनचा. कुरणाखाली हजारो वर्षांचा कार्बन साठतो हे महत्त्वाचं आहेच, पोसिडोनियाच्या खाली तर काही मीटर जाडीचा थर असतो, आणि १९८० पासून दरवर्षी सरासरी ११० चौरस किलोमीटर कुरण गेलं, १८७९ पासूनच्या नोंदी जोडल्या तर माहीत असलेल्यापैकी २९ टक्के गेलं, हे २००९ मधल्या जागतिक आढाव्यातले आकडे ऐकून पोटात गोळा येतो. पण इथे अचानक चरणारे प्राणी गायबच. चार आठवडे ज्यांच्यावर बोललो ते इथे फक्त साठवणीतली गळती म्हणून येतात. कुरण म्हणजे तिजोरी नाही. त्यात कोणीतरी राहतं, खातं, हगतं, पेरतं, आणि त्यामुळेच ते कुरण आहे. हा आठवडा घाईत बघितला तरी चालेल, फक्त व्हर्जिनियाचं लेक्चर सोडू नका. १९३० च्या दशकात रोग आणि १९३३ चं वादळ यात तिथल्या काही खाड्यांमधलं ईलग्रास साफ झालं होतं, अनेक दशकं काहीच नव्हतं, मग संशोधकांनी आणि स्वयंसेवकांनी वीसेक वर्षांत ७ कोटींच्या वर बिया टाकल्या आणि आज तिथे सुमारे ३,६०० हेक्टर कुरण आहे, गेलेले स्कॅलप शिंपलेही परत आणलेत.

कामाच्या गोष्टी. घरबसल्या करायचा सराव फार उपयोगी आहे, समुद्राच्या तळावर ठेवलेल्या ५० सेंटिमीटरच्या चौकटीचे फोटो देतात, त्यात किती टक्के भाग गवताने झाकलाय ते आपण सांगायचं, मग जाणकाराचं उत्तर दिसतं. माझे पहिले दहा अंदाज सगळे जास्तीचे होते, डोळा हिरव्याला जास्त मोजतो, तीसेक फोटोंनंतर हात बसला. क्विझ मात्र बेकार, लॅटिन नावांची स्पेलिंग विचारतात, कोण कोणाला का खातं यावर मोजके प्रश्न. सबटायटल्स आपोआप बनवलेली आहेत, प्राण्यांच्या नावांची पार वाट लावलीय, नवख्या माणसाने नावं शोधायची कशी? वर्कशीट डाउनलोड करून ठेवा, कोर्स संपल्यावर ती उघडत नाहीत.

मुलांसोबत बघायचं असेल तर दुसरा आणि चौथा आठवडा बघा, दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांना सहज कळेल. शिक्षकांनी तिसरा आधी बघावा, अन्नसाखळी शिकवायला एल्कहॉर्नसारखं उदाहरण मला तरी दुसरीकडे मिळालं नाही.

आणि शेवटी पुरवणी म्हणून नऊ मिनिटांचं एक लेक्चर आहे, सर्टिफिकेटला ते लागत नाही म्हणून बरेच जण बघणार नाहीत. बघा. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर एक लिंपेट होता, म्हणजे टोपीसारख्या कवचाची समुद्री गोगलगाय, ईलग्रासच्या अरुंद पानावर बसेल एवढाच, फक्त तिथेच राहायचा आणि त्याच पानाचा वरचा पापुद्रा खरवडून खायचा. १९३० च्या दशकातल्या रोगात अटलांटिकचं बहुतेक ईलग्रास गेलं, पण खाड्यांच्या आत कमी खारट पाण्यात थोडं वाचलं आणि तिथून हळूहळू परत पसरलं. लिंपेटला कमी खारट पाणी सोसायचं नाही. कुरण परत आलं, तो आला नाही, आणि तो नाहीसा झालाय हे १९९१ पर्यंत कोणी नोंदवलंही नव्हतं. स्क्रीनवर संग्रहालयातल्या जुन्या कवचाचा फोटो येतो, अरुंद, लांबट, बरोबर पानाच्या रुंदीचा.